चांगल्या दाढा

उंब्रज,
५ जानेवारी १९६८

रहिमान,

कार्डच टाकणार होतो. पण आपल्या गावात कार्ड आधी पोस्टात वाचलं जातं आणि मग घरी येतं, म्हणून आंतरदेशीय घेतलं. सात-आठ वर्षांनी माझं अक्षर बघून तुला वाटेल, कुणीतरी गेलं. कुणी गेलेलं नाही. मी आहे, तुझी भाभी जरिना आहे. पोरीचं, परवीनचं लग्न केलं, आष्ट्याला दिली. तुला कळवलं नव्हतं. असो.

११ डिसेंबरला पहाटे जमीन हलली, रोजे चालू होते, ती आमची सहरीची वेळ. जरिना भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी चुलीत गेली आणि ती पिठाच्या हातानंच माझा दंड धरून बाहेर आली. दुकानात फळीवर वाळत ठेवलेल्या कवळ्या खाली पडून फुटल्या. बाकी उंब्रजला फार काही नाही. कोयनेकडं काय झालं ते तू पेपरात वाचलं असशील. ईद झाली म्हणायची, एवढंच.

लिहायचं कारण धंद्यातलं आहे. तुझ्या लेखी तो धंदा नव्हेच. तरी विचारतो, कारण विचारावं असं दुसरं कुणी मला माहीत नाही.

भूकंपानंतर आठ-दहा दिवसांत कोयनेकडची माणसं दुकानात यायला लागली. कोण पाटणचं, कोण मल्हारपेठचं. तक्रार एकच, दाढ. पण कुठली दाढ ते बोट ठेवून सांगता येत नाही. सकाळी उठल्यावर जास्त. कानात ठणका, तिथून कानशिलात, काहींच्या तर मानेत. आरसा घालून बघतो तर कीड नाही, हिरडी सुजलेली नाही. ठोकून बघितलं तरी दात घट्ट. सव्वीस वर्षं लोकांच्या तोंडात बघतोय, असलं बघितलं नव्हतं.

कराडच्या एका दातवाल्यानं अशाच एका बाईच्या दोन दाढा काढल्या. दुखणं राहिलंच, वर आता तोंड उघडेनासं झालंय. धनुर्वाताची दातखीळ म्हणावी तर ताप नाही, पाठ ताठत नाही, आणि धनुर्वात असता तर बाई एव्हाना राहिली नसती. त्यानं मला विचारलं, मी तुला विचारतोय. काय असेल?

एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

चांदसाहेब

उंब्रज,
१९ जानेवारी १९६८

रहिमान,

तुझं कार्ड मिळालं. 'दात काढू नये. बहुधा जबड्याच्या सांध्याचे व स्नायूंचे दुखणे. तोंडात उभी किती बोटे मावतात ते पाहावे, तीन मावायला हवीत. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडायला सांगावे, आवाज येतो का पाहावे. बाईस सांगलीस पाठवावे.' वर नाव नाही, खाली फक्त सही. ठीक आहे. पोस्टात ते वाचलं गेलंच. आता बाजारपेठेत जो तो विचारतो, भाऊ बोलायला लागला का.

तू लिहिलंस तसं करून बघितलं. मल्हारपेठचे आप्पासो पैलवान आले होते, गाल धरून. एवढा धिप्पाड माणूस, पण तोंडात दोनच बोटं गेली. कानापुढं बोट ठेवलं आणि तोंड उघडा म्हटलं तर अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा कट्ट आवाज आला. मीच दचकलो. त्यांना म्हटलं, आप्पा, दाढ चांगली हाय, मी काढणार न्हाई. ते रागावले. म्हणाले, "मग तुमी हितं बसलाय कशाला?"

आता खरं लिहितो. कराडचा दातवाला कुणी नाही. मीच आहे.

बाईचं नाव जाईबाई. कोयनानगरच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. नवरा धोंडिराम तिथंच प्रकल्पाच्या वर्कशॉपात फिटर आहे. छप्पन्न साली बौद्ध झालेल्यांतली माणसं. बाई आपल्या भागातली पहिली शिकलेली, नीट बोलणारी. भूकंपानंतर अकरा-बारा दिवसांनी ती आली. उजव्या गालाला फडकं बांधलेलं.

"चांदभाई, ही मागची दाढ काढा."

मी बघितली. म्हटलं, "बाई, दाढ चांगली हाय."

"चांगली आसंल तर दुखती कशाला?"

रहिमान, समोर बसलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' असं म्हणायची मला सवय नाही. अब्बांनी मला चिमटा धरायला शिकवलं, हे म्हणायला शिकवलं नाही. मी भूल दिली आणि दाढ काढली. बशीत पडली तेव्हा बघितलं, मुळं पांढरी स्वच्छ, टोकाला काळा ठिपकासुद्धा नाही. मी बशीवर रुमाल टाकला. बाईनं दाखवा म्हटलं नाही, मी दाखवली नाही.

सहा दिवसांनी ती परत आली. आता तिच्या शेजारची दुखत होती. म्हणाली, "काढा. सगळं काढलं तरी चालंल. मला निस्ती एक रात झोप लागू द्या."

मला तेव्हा माहीत होतं. तरी काढली. का काढली ते मी इतके दिवस स्वतःला विचारतोय. बाई रडत होती म्हणून, असं जरिनाला सांगितलं. ते खरं नाही. पहिली काढली ते बरोबर ठरावं म्हणून दुसरी काढली.

ती सोमवारी परत आली तेव्हा तिच्या तोंडात माझं एक बोट कसंबसं गेलं. पेज पिते. बोलते ती दातांच्या फटीतून. आणि तिचं पोट वर्गात बोलण्यावर आहे.

साठ साली तू मुंबईहून शिकून आलास आणि दुकानात चार माणसांपुढं म्हणालास, "भाई, तुमी बघत न्हाई, निस्तं उपटता." मी तुझ्या तोंडात मारली. त्याबद्दल आज लिहीत नाही. आज फक्त बाईबद्दल लिहितोय. तिला सांगलीला आणायचं तर तिच्या नवऱ्याला सगळं सांगावं लागेल. बघतो.

चांदसाहेब

उंब्रज,
१२ फेब्रुवारी १९६८

रहिमान,

तुझं दुसरं कार्ड आलं, 'अद्याप का आणले नाही'. त्याचं उत्तर हे.

धोंडिराम दुकानात आला होता. उंच, शांत माणूस. बाकावर बसला नाही. म्हणाला, "ओ दातवाले, माझ्या बायकूचं तोंड शिवून टाकलंय तुमी."

मी म्हटलं, "पत्र्याच्या शेडमधी ऱ्हाताय. गार वारं लागलं आसंल."

"शाळंत सायबानं सांगितलंय, शिकवाय येत न्हाई तर रजा घ्या. रजा सपल्यावर काय करायचं? ती घरात बसून ऱ्हाणारी बाई न्हवं." मग म्हणाला, "मला एक सांगा. दाढा किडल्याल्या हुत्या?"

मी म्हटलं, "व्हय. थोड्या."

तो गेला. मी भर दुपारी दुकानाच्या फळ्या लावल्या. जरिनानं विचारलं, बरं नाही का. म्हटलं, डोकं दुखतंय.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी एसटी धरून मी कोयनानगरला गेलो. तू तिकडं गेला नसशील. वसाहतीत दगडी भिंती जिथं होत्या तिथं ढीग आहेत, ढिगांच्या मधून माणसं ये-जा करतात, आणि मोकळ्या जागेत पत्र्याच्या शेडा. जाताना वाटेत एसटीनं गियर बदलला तरी माणसं खिडकीचा गज धरायची.

शाळासुद्धा शेडमध्येच. जाईबाई फळ्यावर लिहीत होती आणि पोरं वाचत होती. स्वतः ती बोलत नव्हती. मला बघून मान हलवली, बसा म्हणून खूण केली. मी दाराशी पोत्यावर बसलो.

तीनच्या सुमाराला धक्का आला. आधी आवाज येतो. जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा. मग पत्रे वाजले, पाट्या वाजल्या. कुणी पळालं नाही. दोन महिने रोज असं होतंय, पळून पळून ती पोरं दमलेली. जिथल्या तिथं बसून राहिली. मी माणसांच्या तोंडाकडं बघणारा माणूस, मी पोरांच्या तोंडाकडं बघितलं. एकूण एक पोराच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर गाठ आलेली. दात आवळलेले. मग धक्का गेला. पोरांच्या गाठी विरल्या, कुणी पाटीवर थुंकी लावून पुसायला लागलं, कुजबुज सुरू झाली. बाईचा गाल तसाच राहिला, दगडासारखा. तिनं खडू उचलला, पुढचं वाक्य लिहिलं, त्याच्या पुढचं लिहिलं. गाल तसाच. जमीन थांबली होती, हिचे दात थांबले नव्हते. आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

शाळा सुटल्यावर मी विचारलं, "बाई, तुमच्या घरातलं कोण गेलं का?"

ती दातांच्या फटीतून म्हणाली, "न्हाई. आमचं काय गेलं न्हाई. भांडीसुदिक सापडली." मग टेबलावरची हजेरी माझ्यापुढं सरकवली. "ह्यात तीन नावं हायत. मी ती वाचत न्हाई. खोडत बी न्हाई. त्या ओळीवर आलं की मला ठणका लागतो. रात्री बी तसंच. झोपल्यावर कान जमिनीलाच असतो. सकाळी उठते तर दात एकमेकांत रुतल्याले."

मग मी सांगितलं. दाढा चांगल्या होत्या, पहिलीच्या वेळीच मला दिसलं होतं, आणि तुमच्या मालकाशी मी खोटं बोललो.

तिनं हजेरी आपल्याकडं ओढली. मला वाटलं, हजेरी फेकून मारेल.

"दुसरी बी चांगली हुती?"

"दुसरी बी."

तिनं हजेरी मिटली. म्हणाली, "ह्यास्नी आत्ताच सांगू नका. ते तुमास्नी मारतील. मग मला सांगलीला कोण न्येणार?"

पुढच्या महिन्यात रजा मिळाली की निघतो. धोंडिराम बरोबर असेल.

चांदसाहेब

उंब्रज,
१८ मार्च १९६८

रहिमान,

आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या दवाखान्यात जे बोललो नाही ते लिहायला बसलोय.

आधी येतानाचं. धोंडिरामला मी परतीच्या गाडीत इस्लामपूर गेल्यावर सांगितलं. बाई खिडकीशी बसून झोपली होती. कितीतरी दिवसांनी ती बसल्या जागी झोपली, असं तोच मला कौतुकानं दाखवत होता, आणि तेव्हाच मी सांगितलं. वेळ वाईट निवडली, पण चांगली वेळ शोधत बसलो असतो तर कराड आलं असतं. तो उठून मागच्या बाकावर जाऊन बसला. कराडच्या स्टँडवर उतरल्यावर त्यानं माझ्या कोटाची कॉलर धरली. लोक जमले. मारलं नाही. म्हणाला, "पहिली चुकून म्हणतो मी. दुसऱ्या टायमाला तरी हात थांबायचा हुता तुमचा." कॉलर सोडली आणि पाटणच्या गाडीकडं निघून गेला. बाई त्याच्या मागं गेली. तिनं माझ्याकडं वळून बघितलं नाही.

तर तुझं. तू तिला आधी दाताबद्दल विचारशील असं मला वाटलं होतं. तू विचारलंस, झोपता कुठं, धक्का आल्यावर काय करता, सकाळी दुखतं की संध्याकाळी. सव्वीस वर्षांत मी हे कुणाला विचारलं नाही. मग तू दोन्ही गालांवर बोटं ठेवून स्नायू चाचपलेस, आणि दाढ जिथं नाहीच तिथं ती दचकून ओरडली. धोंडिरामला तू सांगितलंस ते मी पण ऐकत होतो: माणूस घाबरला की दात आवळतो, ते आपल्या हातात नसतं, भीती महिनोन्‌महिने राहिली की चावायचे स्नायू दमतात, आखडतात, सांध्यावर ताण येतो, आणि दुखणं दाढेत आहे असं वाटतं. धोंडिराम म्हणाला, "म्हंजी मनाचं दुखणं म्हणा की." तू म्हणालास, "मनाचं न्हवं. दुखतंय ते खरंच जबड्यात. फक्त सुरू तिथनं झालं न्हाई." हे मला आवडलं. अशा तऱ्हेनं मला कधी सांगता आलं नसतं.

आणि सांगलीचेही बरेच येतात म्हणालास. तिथं भिंतीला तडा गेला नाही, पण धरण फुटणार म्हणून नदीकाठची माणसं गाठोडी बांधून बसली होती, त्यांच्यातले कितीक अजून दात आवळून आहेत. मला वाटत होतं, हे फक्त आमच्याकडचं आहे.

शेकायला सांगितलंस, मऊ खायला सांगितलंस, आरशापुढं तोंड सरळ उघडायचा व्यायाम दिलास. रात्री दातांमध्ये घालायच्या पट्टीचं निघालं तेव्हा म्हणालास, आमचा कारागीर कोल्हापूरला गेलाय, आठ दिवस लागतील. मी म्हटलं, तू ठसा घे, मी करतो. तू माझ्याकडं बघितलंस. मग मागच्या खोलीतला दिवा लावलास. मी प्लास्टर ओतलं, मेण चढवलं, तू मधून मधून येऊन बघत होतास. पट्टी घासून झाल्यावर तू ती उजेडाकडं धरलीस आणि म्हणालास, "बरी झालीय." अब्बासुद्धा एवढंच म्हणायचे.

तुझ्या घरच्यांनी जेवायला थांबा म्हटलं. मी गाडीचं निमित्त केलं. पुढचीही गाडी होती. थांबलो असतो तर जेवताना अब्बांचं नाव निघालं असतं.

सात वर्षांपूर्वी अब्बा बुधवारी दुपारी गेले, रहिमान. तार मी गुरुवारी माती देऊन आल्यावर केली. सगळ्यांना सांगितलं, तार लगेच केली होती, सांगलीला उशिरा पोचली. पोस्टावर ढकललं. तू आलास, कबरीजवळ उभा राहिलास, घरात न येता परत गेलास. लोक म्हणाले, धाकट्याला बापाची माया नाही. मी ऐकून घेतलं.

मंगळवारी रात्री अब्बांनी तुझं नाव दोनदा घेतलं होतं. शुद्धीत होते. मी म्हटलं, तो येतोय.

बकरी ईदला ये म्हणणार होतो. ती गेली.

चांदसाहेब

उंब्रज,
२४ जून १९६८

रहिमान,

एप्रिलपासून दर गुरुवारी तुझ्याकडं येतो, त्यामुळं पत्राची गरज पडत नाही. पण काही गोष्टी तिथं मागच्या खोलीत प्लास्टर भिजवताना बोलता येत नाहीत. तूही बोलत नाहीस.

माझ्या मार्चमधल्या पत्रानंतर तुझं पाकीट आलं होतं तेव्हाचं सांगतो. फोडलं तर आत पत्र नाही, अब्बा गेल्याची ती जुनी तार. वर ती दिल्याचा वार आणि वेळ. गुरुवार, सकाळचे साडेअकरा. मी तारेवर वेळ असते हे विसरलोच होतो. म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सात वर्षं लोकांनी तुला नावं ठेवली आणि हा कागद तुझ्या घरात होता. आणि मागं पेन्सिलीनं लिहिलेलं: 'आणखी चार पट्ट्या हव्यात. ठसे गुरुवारी घेतो. यावे.' मी तो कागद जरिनाला दाखवला. तिला वाचता येत नाही. वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग जा की."

तू माफ केलंस असं त्यात लिहिलेलं नाही, ते मला दिसलं. मीही विचारणार नाही.

आता जाईबाई. तिला दोन बोटं सहज जातात, तिसरं अडतं. पहिली पट्टी महिन्याभरात घेऊन आली होती. तिच्यावर दातांचे चर पडलेले, कडक पट्टी, तरी. रात्रीत एवढं बळ येतं कुठून, असं तिनं मलाच विचारलं. मी दुसरी करून दिली. ती म्हणाली, आता निदान पट्टी झिजते, दाढा न्हाई. हसली नाही, पण रागानंही म्हणाली नाही.

शाळा सुरू झाली. ती शिकवते. तास संपत आला की गाल धरते. नवीन वर्षाची नवीन हजेरी मिळाली, तिच्यात ती तीन नावं नाहीत. तिला वाटलं होतं, त्यानं बरं वाटेल. वाटलं नाही म्हणाली. धक्का आला की दोन-चार दिवस पुन्हा मागं जातं, मग परत शेक, परत पेज.

धोंडिरामनं माझ्याविरुद्ध अर्ज दिला. तुला सांगितलं नव्हतं. मे महिन्यात चौकशीला माणूस आला. त्यानं विचारलं, परवाना आहे का, दाढा किडलेल्या होत्या का. मी जे होतं ते लिहून सही केली. त्यानं दोनदा विचारलं, नीट वाचलंत ना. आता दात काढायला मनाई आहे. चिमटे पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. कवळ्या आणि पट्ट्या कुणी डॉक्टरनं सांगितल्या तर करता येतात. आप्पासो पैलवान परवा येऊन म्हणाले, "आता तर तुमी बसलायसुदिक कशाला, कळंना." तरी बसले तासभर. त्यांचंही तोंड आता उघडतं. कट्ट आवाज गेलेला नाही.

अर्जाबद्दल मला धोंडिरामचा राग नाही. उलट चौकशीच्या माणसापुढं लिहून दिल्यावर चालत घरी आलो तेव्हा जेवण गेलं.

गुरुवारी येतो. मेण संपत आलंय, आणून ठेव.

चांदसाहेब

उंब्रज,
२ नोव्हेंबर १९६८

रहिमान,

या गुरुवारी मी आलो नाही. मंगळवारचा धक्का तुलाही जाणवला असेल. इथं मोठा बसला. लोकांना वाटलं होतं, संपलं. पुन्हा सगळे अंगणात झोपायला लागले. दुसऱ्या दिवशी दुकानापुढं माणसं उभी. मी दाढा काढत नाही हे माहीत असून उभी. कुणाला काढून घ्यायचीही नव्हती. एक म्हातारी म्हणाली, "निस्तं बघा की, मोडलंय का काय." मी एकेकाचं बघितलं. कानापुढं बोट, गालावर बोट. सगळ्यांना सांगितलं, मोडलं नाही, आवळलंय. शेकत जा, आणि दिवसा लक्षात येईल तेव्हा दात सुटे ठेवा, ओठ मिटलेले असले तरी आतले दात सुटे. तू जे सांगतोस तेच सांगितलं. ज्यांना एक बोटही जाईना त्यांची नावं लिहून ठेवली आहेत, तुझ्याकडं धाडतो.

जाईबाईचा निरोप आला वसाहतीतून येणाऱ्या ड्रायव्हरकडून. शेडमध्येच आहेत, कुणाला लागलं नाही, पट्टी उशाखाली सापडली, घातलीय. एवढाच निरोप. पण तो मला धाडावा असं तिला वाटलं. धोंडिरामनंच ड्रायव्हरला दुकान दाखवलं म्हणे.

आता माझं. आज चार दिवस मी पेजेवर आहे. जरिनाला सांगितलं, पोट बिघडलंय. आज सकाळी तिनं चहात भिजवून खारी दिली, तीही गेली नाही. ती माझ्यापुढं बसली, माझ्याच दुकानातला आरसा घेऊन, आणि म्हणाली, उघडा. एक बोट गेलं. तिचं, माझं नाही.

हे आजचं नाही. फेब्रुवारीत कोयनेहून परत आलो त्या रात्रीपासून आहे. उजवीकडं, कानाच्या पुढं. तुझ्या मागच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या पट्ट्या घासताना ठणकायचं. तुला दोन-तीनदा वाटलं असेल, भाई बोलत का नाही. कधी बोलायचं नव्हतं म्हणून बोललो नाही, कधी बोलता येत नव्हतं म्हणून. दोन्हीतलं कुठलं केव्हा, ते आता मलाही सांगता येणार नाही.

सव्वीस वर्षं मी लोकांना खुर्चीत बसवलं. स्वतः कुणाच्या खुर्चीत बसलो नाही. आज सकाळपर्यंत माझ्या तोंडात कुणी बघितलं नव्हतं, अब्बांनीसुद्धा नाही. तिथं बसून मान मागं टाकायची म्हटलं तरी भीती वाटते. हे हसण्यासारखं आहे, तू हसलास तरी चालेल.

जरिना बरोबर येते म्हणते. तिला नको म्हटलं होतं, ती ऐकत नाही. आम्ही गुरुवारची वाट बघत नाही, सोमवारी पहिल्या गाडीनं निघतो. या वेळी तुझ्या घरी जेवायला थांबणार आहोत. माझ्यासाठी भात मऊ करायला सांग.

चांद